संगणक कक्ष, शालेय

शाळेतील संगणक एका सामायिक खोलीत ठेवायचे की वर्गावर्गांत वाटायचे, याची व्यवस्था. वरवर हा टेबल-खुर्च्यांचा प्रश्न वाटतो. पण मुलाचा हात कीबोर्डवर किती वेळ पडणार, हे बरेचसे त्यावरच ठरते.

भारतात संगणक शाळेत आले ते बहुधा कक्षातच. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पात सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो ही यंत्रे मिळाली. यंत्रे थोडी आणि महाग, म्हणून कुलूपबंद खोली, दाराबाहेर चपला, मॉनिटरवर कापडी खोळ हा रिवाज पडला. यंत्रे स्वस्त झाली, रिवाज टिकला. २००४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या केंद्राच्या शाळांसाठीच्या आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजनेतही भर संगणक प्रयोगशाळेवरच होता.

कक्षाचे गणित मांडून पाहावे. संगणक १०, वर्गात मुले ५०, तासिका ३५ मिनिटांची. रांग करून येणे, चपला काढणे आणि यंत्रे सुरू होणे यांत १० मिनिटे जातात. उरलेल्या २५ मिनिटांत एका संगणकापाशी पाच जण. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे, तीही माऊस ज्याच्या हाती आहे त्याने सोडला तर. बडोद्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांसारखी एका वर्गात मुले कमी असतील तर हा हिशेब सुधारतो. पण इमारत दोन पाळ्यांत वापरली जात असेल, तर किल्ली कोणाकडे हा नवा प्रश्न उभा राहतो. सकाळच्या पाळीने बंद न केलेला यूपीएस दुपारच्या पाळीला शिट्ट्या ऐकवतो.

वर्गातला संगणक तासिकेची वाट पाहत नाही. भूगोलाच्या तासाला नकाशा लागला की तिथल्या तिथे उघडता येतो. मात्र तो बहुतेक वेळा शिक्षकाच्याच हाती असतो. गुजरात सरकारच्या २०१७ मधील ‘ज्ञानकुंज’ उपक्रमाने सातवी-आठवीच्या वर्गांत प्रोजेक्टर आणि परस्परसंवादी फळा आणला; त्याने शिकवणे बदलू शकते, टंकलेखन येत नाही. म्हणून वर्गात फळा आला की कक्षाची गरज संपली, हा समज चुकीचा आहे. वर्गावर्गांत ढकलत नेण्याची लॅपटॉपची ट्रॉली हा मधला मार्ग. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात ग्रंथांच्या पेट्या गावोगाव फिरत; ही त्याच जातकुळीतली कल्पना म्हणता येईल. फक्त ट्रॉलीला जिने चढता येत नाहीत.

कक्षाची मांडणी भिंतीलगत, तीन बाजूंनी केलेली बरी. मुलांची तोंडे भिंतीकडे असल्याने शिक्षकाला मधोमध उभे राहून सगळे पडदे दिसतात आणि वायरी पायांत येत नाहीत. संगणकाचा पडदा खिडकीसमोर नको, तिच्या काटकोनात हवा. ३० डेस्कटॉप साधारण तीन ते साडेचार किलोवॅट वीज ओढतात. एकाच प्लगवर एक्स्टेंशन बोर्डांची साखळी लावणे हा आगीला दिलेले आवतण होय. अर्थिंग आधी तपासावे.

बडोद्यात मजला निवडताना विश्वामित्री नदी विसरू नये. २०१९ च्या आणि २०२४ च्या पावसात तिचे पाणी वस्त्यांत शिरले. तळमजल्यावर जमिनीवर ठेवलेले सीपीयू अशा वेळी सगळ्यांत आधी जातात. गच्चीखालची खोलीही नको: उन्हाळ्यात तापते, पावसात गळते. मधला मजला उत्तम. शाळा एकमजली असेल तर निदान सीपीयू टेबलावर चढवावेत.

भाषेची अडचण मात्र जागा बदलून सुटत नाही. बडोद्यात मूल मराठीत शिकते, गुजरातीही वाचते, आणि कीबोर्डवर छापलेली अक्षरे इंग्रजी असतात. इथे भारतीय लिप्यांसाठीची इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची रचना उपयोगी पडते, कारण तिच्यात देवनागरी आणि गुजराती अक्षरांच्या जागा एकच असतात. ‘के’च्या कळीवर ‘क’ दोन्हींत मिळतो. ‘एन’वर ‘ल’, आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ‘ळ’. ‘फळा’तला ‘ळ’ एकदा बोटाला सापडला की गुजराती लिहिताना तो पुन्हा शोधावा लागत नाही.