घरी बाळंतपण: आधी विचारा, कितवी खेप?

घरी बाळंतपण सुरक्षित आहे का, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. इंग्लंडमधली सुमारे ६४,५०० कमी जोखमीच्या गरोदर स्त्रियांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. बाळाचा मृत्यू, मेंदूला इजा, खांद्याच्या नसांना दुखापत अशा गंभीर घटना तिच्यात एकत्र मोजल्या होत्या. पहिलटकरणींमध्ये त्यांचं प्रमाण डॉक्टरी प्रसूती विभागात हजारी ५.३, तर घरी हजारी ९.३ निघालं. आधी बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना, तर इतरांपैकी १२ टक्के जणींना रुग्णालयात हलवावं लागलं. सर्वांत मोठं कारण कळा येऊनही प्रसूती पुढे न सरकणं, म्हणजे सहसा धावपळीचं नव्हे.

‘कमी जोखीम’ मात्र काटेकोरपणे ठरवायची. एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, रक्तदाब-मधुमेह नाही, आधी सिझेरियन नाही. बाळ पायाळू किंवा जुळी असतील, तर घरचं वातावरण कितीही शांत असो, बेत रद्द.

मिडवाइफचं, म्हणजे प्रशिक्षित सुईणीचं, सर्वांत महत्त्वाचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं: बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणं. दर १५ मिनिटांनी आणि जोर करण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, कळ ओसरताच पूर्ण एक मिनिट. कळेच्या वेळी वारेकडचा रक्तपुरवठा घटतो. त्यातून बाळ कसं सावरतं हे नंतरच कळतं. मिनिटाला ११० ते १६० ठोके ठीक. सोबत आईची नाडीही बोटांनी तपासायची, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे समजून गफलत होते, आणि ती महागात पडते.

बाळ बाहेर आल्यावर दोन जीव सांभाळायचे, म्हणून दोन प्रशिक्षित माणसं हवीतच. बाळ पुसूनही श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटाच्या आत मास्क-पिशवीने हवा द्यावी लागते. त्याच वेळी आईची गर्भपिशवी सैल राहिली तर रक्त झपाट्याने जातं, कारण दिवस भरल्यावर तिथे मिनिटाला अर्धा लिटर किंवा जास्त रक्त वाहत असतं. म्हणून मांडीत गर्भपिशवी आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, तेही २ ते ८ अंशांत जपलेलं. गरम पिशवीत पडून राहिलं की त्याचा जोर उतरतो. रक्तस्राव ५०० मिलीपुढे गेला की गर्भपिशवी चोळणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, सलाइन आणि रक्तस्राव रोखणारं औषध, १ ग्रॅम ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. बाहेरचं रक्त चढवणं घरी जमत नाही, त्यामुळे रुग्णवाहिकेला फोन या उपायांसोबतच करायचा, ते फसल्यावर नव्हे.

नेदरलँड्समध्ये सुमारे ५.३ लाख प्रसूतींच्या अभ्यासात घर आणि रुग्णालय यांत बाळांच्या मृत्यूचा फरक आढळला नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये रुग्णालयाबाहेर ठरवलेल्या प्रसूतींत बाळांच्या मृत्यूचं प्रमाण हजारी ३.९, रुग्णालयात १.८ होतं. नेदरलँड्समध्ये मिडवाइफ, रुग्णवाहिका आणि रुग्णालय एकाच साखळीत बांधलेले असतात. तशी साखळी आपल्यापाशी आहे का, हे सातव्या महिन्यातच पाहावं: कोणतं रुग्णालय घेणार, रात्री गाडी किती वेळात येणार, जिन्यातून स्ट्रेचर वळतं का.