पाठवणाऱ्याचा माग: सर्व्हरविना चालणाऱ्या संदेशजाळ्यांची पार्श्वभूमी

संदेशातला मजकूर तिऱ्हाइताला वाचता येऊ नये ही एक गरज आहे. कोणी कोणाला आणि केव्हा लिहिले हेही कळू नये ही दुसरी. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी हे सॉफ्टवेअर खुले केले, तेव्हापासून पहिली गरज घरच्या संगणकावरही भागू लागली. मात्र पीजीपीने कुलूपबंद केलेल्या ईमेलवरही दोन्ही पत्ते उघडेच राहतात. पीअर-टू-पीअर, म्हणजे मधल्या सर्व्हरवाचून वापरकर्त्यांचीच यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या, संदेशजाळ्यांची जडणघडण समजून घ्यायची तर या दुसऱ्या आणि अधिक अवघड गरजेपासून सुरुवात करावी लागते.

मधल्या माणसावर विसंबण्याची किंमत फिनलंडमध्ये दिसली. योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला पेनेट हा सर्व्हर आलेल्या पत्रावरचे नाव काढून त्या जागी एक क्रमांक घालत असे आणि पत्र पुढे पाठवत असे. खरा पत्ता आणि क्रमांक यांची जोडी मात्र त्याच सर्व्हरवर साठवलेली असे. १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजी या धार्मिक संघटनेच्या तक्रारीवरून फिनलंडचे पोलीस आले आणि हेल्सिंगियस यांना एका वापरकर्त्याचा पत्ता द्यावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी ही सेवा बंद केली. त्यांच्या हेतूत खोट नव्हती, पण जी यादी अस्तित्वात असते ती कधी ना कधी मागितली जाते.

या अडचणीवरचा उपाय कागदावर आधीच मांडलेला होता. डेव्हिड चॉम यांनी १९८१ च्या शोधनिबंधात अशी रचना सुचवली होती की संदेश एका मागोमाग एक अनेक टप्प्यांतून, म्हणजे मधल्या संगणकांतून, जावा, प्रत्येक टप्प्याने कूटबद्धतेचा एकच पापुद्रा सोडवावा आणि आलेले संदेश काही काळ थोपवून, त्यांचा क्रम बदलून पुढे धाडावेत. त्यामुळे एकही टप्पा प्रामाणिक राहिला तरी माग तुटतो. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात याच वळणाचे ‘ऑनियन राउटिंग’ घडले आणि त्यातून २००२ मध्ये टॉरचे जाळे उभे राहिले. टॉरमध्ये संदेश थोपवून धरले जात नाहीत; वेगासाठी केलेली ही तडजोड पुढे महत्त्वाची ठरली.

सर्व्हर काढून टाकला की निनावीपण आपोआप येते, हा समज मात्र चुकीचा आहे. दोन संगणक थेट जोडले जातात तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा ठिकाणा, दिसतो. स्काइप सुरुवातीला पीअर-टू-पीअर होते, आणि त्याच्या वापरकर्त्याचा आयपी पत्ता त्याला कळू न देता शोधता येत असल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले.

जोनाथन वॉरन यांच्या २०१२ च्या बिटमेसेजने वेगळी वाट धरली, आणि मला ती या साऱ्या प्रयत्नांत सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. गावभर दवंडी पिटावी, पण तिचा अर्थ एकालाच लागावा, तसे हे जाळे आहे. प्रत्येक संदेश सर्व संगणकांकडे जातो, प्रत्येक संगणक आपल्या चावीने तो उघडून पाहतो आणि ज्याचा असेल त्यालाच तो उघडतो. घेणारा त्यामुळे गर्दीत लपतो. पाठवणाऱ्याला तितके संरक्षण नाही, कारण संदेश प्रथम कोठून उमटला यावर पाळत ठेवता येते. शिवाय सर्वांचा भार सर्वांनी वाहायचा असल्यामुळे जाळे वाढेल तसे ते जड होते आणि निरर्थक संदेशांना आळा घालण्यासाठी प्रत्येक संदेशामागे संगणकाला काही गणिती श्रम करावे लागतात.

२०१४ च्या रिकोशे या संदेश-सॉफ्टवेअरने प्रत्येक वापरकर्त्याच्या संगणकालाच टॉरमधली लपलेली सेवा, म्हणजे आयपी पत्ता उघड न करता गाठता येणारे ठिकाण, बनवले. तरीही जर्मन तपास यंत्रणांनी एका गंभीर गुन्ह्याच्या तपासात संदेशांच्या वेळा जुळवून रिकोशे वापरणाऱ्यापर्यंत माग काढल्याचे २०२४ मध्ये तेथील पत्रकारांनी उघड केले. चॉम यांनी संदेश थोपवण्याचा आग्रह का धरला होता, ते येथे कळते.

ब्रायर या संदेश-अ‍ॅपची पहिली पूर्ण आवृत्ती २०१८ मध्ये आली. इंटरनेट असेल तर टॉरवरून आणि नसेल तर ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून ते संदेश नेते. तुमचे संपर्क कोण हे परक्याला कळू नये, एवढेच त्याचे उद्दिष्ट आहे. खुद्द संपर्कांपासून तुमची ओळख लपवण्याची हमी ते देत नाही. मे २०२३ मध्ये भारत सरकारने जम्मू-काश्मीरमधील दहशतवाद्यांच्या वापराचे कारण देत बंदी घातलेल्या १४ अ‍ॅपमध्ये ब्रायरही होते. त्याआधी २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर संदेशाचा पहिला उगम शोधून देण्याची जबाबदारी टाकली होती. हा नियम मध्यस्थ कंपनी गृहीत धरतो. ब्रायरमध्ये संदेश एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातो आणि वाटेत असा कोणी मध्यस्थ नसतो.