राजहंसगडावरचा दम आणि किलिमांजारोची हवा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील डोंगरवेड्या मंडळींत एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे: टांझानियातील किलिमांजारोवर दोर लावून चढण्याजोगे काही नसल्याने, पहाटे येळ्ळूरचा राजहंसगड न थांबता चढणाऱ्याला ते शिखर अवघड नाही, आणि विरळ हवेचा त्रास कच्च्या दमाच्या माणसालाच होतो. नेहमीच्या वाटांवर तांत्रिक चढाई लागत नाही, एवढे खरे. उरलेले चुकीचे आहे.

शिखराची उंची ५,८९५ मीटर आहे. तेथेही हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असल्याने श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. त्याच्याशी जुळवून घेताना श्वास खोल व जलद होतो, त्याने रक्ताचे आम्ल-अल्क संतुलन ढळते, आणि ते मूत्रपिंडे काही दिवसांत सावरतात. धावण्याच्या सरावाने हे काम लवकर उरकत नाही. उलट तगडा गडी इतरांच्या पुढे निघून एका दिवसात जास्त उंची गाठतो व डोकेदुखी, मळमळ ओढवून घेतो.

३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची रोज सुमारे ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असा डॉक्टरांचा प्रचलित सल्ला आहे. म्हणून पाच दिवसांच्या स्वस्त सहलीपेक्षा सात-आठ दिवसांची वाट निवडावी. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तो थकवा समजून झोपू नये, लगेच खाली उतरावे.