गुळवेल: काविळीच्या औषधापासून रोजच्या काढ्यापर्यंत

चरकसंहितेत पांडुरोगाच्या अध्यायात कावीळ झालेल्या रुग्णाला त्रिफळा, गुळवेल, दारुहळद किंवा कडुनिंब यांपैकी एकाचा रस सकाळी मध घालून द्यावा, असे सांगितले आहे. मल तिळाच्या वाटणासारखा पांढरट होत असेल, तर सुक्या मुळ्याचे आणि कुळथाचे कढण जेवणात द्यावे, असेही तेथेच आहे. कुळीथ म्हणजे सोलापूरकडचे हुलगे. त्यांचे माडगे आणि शेंगोळे आजही होतात, पण यकृताच्या काळजीने ते कोणी करत नाही.

हुलगे अन्नच राहिले. गुळवेल मात्र औषधातून अन्नात आली. ऑक्टोबर २०२० मधील राष्ट्रीय आयुर्वेदिक उपचारपद्धतीत करोनाच्या प्रतिबंधासाठी गुळवेलीची ५०० मिलिग्रॅम घनवटी (काढा आटवून केलेली गोळी) दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते महिनाभर घेण्यास सुचवले होते. घरोघरी ही मुदत गळून पडली आणि काढा चहासारखा चालू राहिला.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे आढळले आणि जुलै २०२१ मध्ये ती निरीक्षणे प्रसिद्ध झाली. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेलीच नाही. ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. सोलापुरात एकाच वेलीला मराठीत गुळवेल, कन्नडमध्ये अमृतबळ्ळी आणि पूर्व भागातील तेलुगू घरांत तिप्पतीगा म्हणतात, आणि यांपैकी कोणत्याही नावाने मागितले तरी हाती आलेली काडी नेमक्या कोणत्या जातीची आहे, हे नावावरून ठरत नाही. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम मानली जाते खरी, पण त्यानेही जात सिद्ध होत नाही. खऱ्या गुळवेलीचे फळ गोल व लाल असते, तर क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. पूड किंवा गोळी झाल्यावर यांतले काहीच दिसत नाही.

तरीही संशयाचा सगळा भार दुसऱ्या वेलीवर टाकणे टिकले नाही. २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांमधील ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली आणि त्यांत रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी लक्षणे ठळक होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे पुन्हा सांगितले. वाद वेलीच्या ओळखीभोवतीच फिरत राहिला. घरातला काढा किती दिवस घ्यायचा, हा प्रश्न बाजूलाच पडला.