तणनाशक-सेफनर

तणनाशकाने तण मरावे, पण पिकाला इजा होऊ नये, यासाठी तणनाशकाच्या जोडीने वापरल्या जाणाऱ्या रसायनांना सेफनर म्हणतात. जुन्या लिखाणात त्यांना ‘उतारा’ म्हटलेले आढळते. तो शब्द फसवा आहे. उतारा विष भिनल्यावर देतात. सेफनर तणनाशकाच्या आधी किंवा त्याच्याबरोबरच द्यावे लागते. पाने आखडल्यावर दिले तर ते वाया जाते.

ही इजा ओळखायची तर मक्याचा किंवा ज्वारीचा पोंगा पाहावा. मेटोलाक्लोर या तणनाशकाचा त्रास झालेल्या रोपाचे पान उलगडत नाही. टोक पोंग्यातच अडकते आणि मधला भाग चुण्या पडून फुगतो. काही कोंभ तर मातीखालीच उलगडतात आणि वर येतच नाहीत. ज्वारीच्या बियाण्याला फ्लक्झोफेनिम हे सेफनर चोळून पेरले की हा धोका बराच टळतो.

या कल्पनेचे मूळ १९४७ मधल्या एका अपघातात आहे. २,४,६-टी हे रसायन दिलेली टोमॅटोची रोपे हरितगृहात चुकून पसरलेल्या २,४-डी या तणनाशकाच्या वाफेतून बचावली, हे ऑटो हॉफमन यांच्या लक्षात आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मक्याच्या बीजप्रक्रियेसाठी नॅप्थॅलिक अनहायड्राइड हे सेफनर बाजारात आले. ते तणांनाही वाचवू शकत असल्याने बियाण्यालाच चोळावे लागे. मागोमाग आलेले डायक्लोरमिड मक्यालाच वाचवते, म्हणून ते ईपीटीसी या तणनाशकात सरळ मिसळता आले. भातात प्रेटिलाक्लोरबरोबर फेनक्लोरिम, गव्हात क्लोडिनाफॉपबरोबर क्लोक्विन्टोसेट-मेक्सिल, या तणनाशक-सेफनर जोड्या नंतरच्या.

सेफनर तणनाशकाशी थेट झुंजत नाही. विषारी रेणू मोडण्याची यंत्रणा पिकात मुळातच असते. सेफनर तिला वेग देते. सायटोक्रोम पी४५० विकरे (एन्झाइम) तणनाशकाचा रेणू बदलतात, ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे विकर त्याला ग्लुटाथायोन हा पेशीतलाच छोटा रेणू जोडते, आणि निरुपद्रवी झालेला रेणू पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पोकळीत, कोंडला जातो. त्यामुळे तणनाशक घातक पातळी गाठण्याआधीच निकामी होते. ही विकरे वाढवण्याचा इशारा पेशीत नेमका कसा पोहोचतो, हा मला या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो.

हीच विकरे तणांमध्येही असतात. तणनाशकांना दाद न देणाऱ्या काही गवतांमध्ये ती वाढलेली आढळतात. त्यामुळे सेफनर तणालाही बळ देते का, हे प्रत्येक जोडीसाठी तपासायलाच हवे. सेफनरला ‘निष्क्रिय घटक’ समजून मोजणे म्हणूनच चुकीचे आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या पीकसंरक्षण नियमावलीत त्यांचा वेगळा उल्लेख आहे.

व्यवहारात सेफनरांचा उपयोग मका, ज्वारी, भात, गहू अशा एकदल पिकांपुरताच राहिला आहे. द्विदल पिकांत त्यांना फारसे यश आलेले नाही. तणनाशकापासून बियाणे वाचवण्याचा एक वेगळा मार्ग म्हणजे पेरणीच्या ओळीवर सक्रिय कोळशाचा पट्टा देणे. कोळसा तणनाशक शोषून धरतो आणि त्याखालचे बी सुखरूप उगवते.