सुपरमॅन परत पहिल्यापासून का? मार्व्हल-डीसीच्या रीबूटमागची कागदपत्रं

२०२५ च्या जुलैत ११ तारखेला सुपरमॅन आला आणि बरोब्बर दोन आठवड्यांनी २५ तारखेला फॅन्टास्टिक फोर. डीसी आणि मार्व्हल या अमेरिकेतल्या दोन कॉमिक्स कंपन्या, एक पिक्चर डीसीचा, एक मार्व्हलचा, आणि दोन्ही रीबूट, म्हणजे जुनं पुसून परत पहिल्यापासून सुरुवात. माझा भाचा आणि त्याची कॉलेजची गँग दोन्ही पिक्चर कोथरूडला बघून आली आणि नंतर अमृततुल्यात उभं राहून तासभर भांडली की कोण भारी. मी शेजारीच चहा घेत होतो. भाचा म्हणाला, "मामा, तूच सांग, हे सुपरमॅन दरवेळी पहिल्यापासून का सुरू करतात? हेन्री कॅव्हिल काय वाईट होता का?" प्रश्न एकदम रास्त आहे. पण त्याचं उत्तर पडद्यावर बघून मिळत नाही, ते करारांत, कर्जांत आणि कोर्टकज्ज्यांत आहे. आणि ते माहीत नसेल तर मार्व्हल भारी का डीसी भारी ही तुलनाच अर्धवट राहते असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमच्या लहानपणी घरात इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि मॅन्ड्रेक असायचा, तोही मराठीत. सुपरमॅन-बॅटमॅनचे जुने अंक आप्पा बळवंत चौकात नाहीतर रद्दीवाल्याकडे नशिबाने मिळायचे, मधली दोन पानं फाटलेली, शेवट आपणच ठरवायचा. आणि इंग्लिश पिक्चर म्हटलं की कॅम्पातलं वेस्ट एंड, अलका आणि राहुल. पडद्यावरच्या सुपरहिरोशी पुण्याची ओळख तिथे झाली.

सुपरमॅनचा जन्म १९३८ चा. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो तयार केला आणि त्याचे हक्क १३० डॉलरला विकून टाकले. या सगळ्या इतिहासातला पहिला कागद हाच. पुढच्याच वर्षी बॅटमॅन आला. मग १९६९ पर्यंत डीसी कंपनी आणि वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओ एकाच मालकाकडे आले, आणि इथेच डीसी आणि मार्व्हलच्या वाटा वेगळ्या झाल्या, कारण डीसीची भावंडं तेव्हापासून बहुतांशी एकाच छपराखाली राहिली. आपल्या पेठांतल्या वाड्यासारखं समजा. मार्व्हलच्या वाड्याची मात्र पुढे अशी वाटणी झाली की एक खोली एकाकडे, जिना दुसऱ्याकडे आणि विहिरीवर तिसऱ्याचा हक्क.

१९७८ चा रिचर्ड डोनरचा सुपरमॅन हा या सगळ्या पिक्चरांचा आजोबा. क्रिस्टोफर रीव्ह उडताना बघून लोकांना खरंच वाटलं की माणूस उडतोय. पण पिक्चरचे हक्क सॅल्काइंड नावाच्या बापलेक निर्मात्यांनी घेतले होते, डोनर पहिल्या भागाबरोबरच दुसऱ्या भागाचंही बरंच शूटिंग करत होता, आणि खटके उडाल्यावर त्याला काढून रिचर्ड लेस्टरकडून दुसरा भाग पुरा करून घेतला. हे लक्षात ठेवा, कारण चाळीस वर्षांनी डीसीकडे जवळपास हेच परत झालं. पुढे हक्क कॅनन नावाच्या कंपनीकडे गेले, त्यांनी ऐनवेळी बजेट कापलं आणि १९८७ चा चौथा भाग इतका पडला की सुपरमॅन मोठ्या पडद्यावर यायला थेट २००६ उजाडलं.

मधल्या काळात बॅटमॅनने घर चालवलं. १९८९ ला टिम बर्टनचा बॅटमॅन आला, मायकल कीटन आणि समोर जॅक निकल्सन, आणि मालकांना कळलं की तिकिटांएवढाच पैसा टीशर्ट आणि खेळण्यांतही आहे. १९९२ चा दुसरा भाग जास्तच काळोखा निघाला, अमेरिकेत मॅकडोनाल्ड्स त्याची खेळणी मुलांच्या जेवणासोबत देत होतं, आईबापांनी तक्रारी केल्या, झालं, बर्टनच्या जागी जोएल शूमाकर आला आणि बॅटमॅनचं शहर गॉथम रंगीबेरंगी दिव्यांचं झालं. १९९७ चा बॅटमॅन अँड रॉबिन मी पूर्ण बघितलाय आणि मला अजूनही वाटतं की त्यात दोष एकट्या दिग्दर्शकाचा नाही, खेळणी विकायची हे आधी ठरलं आणि गोष्ट नंतर लिहिली गेली. त्यानंतर आठ वर्षं बॅटमॅन गायब. २००५ ला ख्रिस्तोफर नोलनने पाटी कोरी करून सुरुवात केली आणि रीबूट हा शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसला. २००८ च्या डार्क नाइटने जगभरात १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि जोकरसाठी हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. माझ्या मते रीबूट कसा करावा याचं ते आजवरचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, कारण मधे पुरेसा काळ गेला होता आणि नोलनकडे सांगायला स्वतःचं काहीतरी होतं.

आता मार्व्हल. नव्वदच्या दशकात अमेरिकेत कॉमिक्सचा फुगा फुटला आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. हातात पैसा नाही, फक्त पात्रं, आणि घरातलं सोनं विकतात तसे एकेका पात्राचे पिक्चरचे हक्क त्याच्या आधीपासूनच बाहेर जात आले होते. एक्स-मेन फॉक्स स्टुडिओकडे, फॅन्टास्टिक फोर कॉन्स्टान्टिन नावाच्या जर्मन कंपनीकडे आणि त्यांच्यामार्फत फॉक्सकडे, हल्क युनिव्हर्सलकडे, ब्लेड न्यू लाइनकडे. ब्लेड १९९८ ला चालला, एक्स-मेन २००० ला चालला, पण त्यातला मोठा वाटा दुसऱ्यांच्या खिशात. म्हणजे स्वतःची पोरं दुसऱ्याच्या दुकानात राबतायत आणि आपण दारात उभे.

२००५ ला मार्व्हलने जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात धाडसी पाऊल वाटतं. त्यांनी मेरिल लिंच बँकेकडून ५२.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सोय करून घेतली आणि तारण म्हणून दहा पात्रांचे हक्क ठेवले, त्यात कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज, अँट-मॅन असे लोक. पिक्चर पडले असते तर हीही गेली असती. गंमत अशी की आयर्न मॅन त्या यादीत नव्हताच, त्याचे हक्क त्याच सुमारास न्यू लाइनकडून परत आले होते, आणि पहिला पिक्चर त्याच्यावरच काढला. २००८, रॉबर्ट डाउनी ज्युनियर, आणि शेवटी पुढच्या पिक्चरांची चाहूल देणारा निक फ्युरी या पात्राचा तो छोटा सीन. स्पायडरमॅन नाही, एक्स-मेन नाही, जी उरलीसुरली दुय्यम पात्रं घरात होती त्यांच्यावर त्यांनी डाव मांडला आणि एकमेकांच्या गोष्टी गुंफल्या. २००९ ला डिस्नेने मार्व्हल साधारण ४०० कोटी डॉलरला विकत घेतलं, २०१२ चा, या सगळ्या हिरोंना एकत्र आणणारा अ‍ॅव्हेंजर्स १५० कोटी डॉलरपर्यंत गेला, आणि २०१९ च्या एप्रिलात त्याच मालिकेतल्या एंडगेमला पुण्यात लोक पहाटेच्या शोला उठून गेले, जे एरवी पर्वतीला जायलासुद्धा उठत नाहीत.

डीसीची घाई इथून सुरू झाली. २०१३ चा झॅक स्नायडरचा मॅन ऑफ स्टील हा एकट्या सुपरमॅनचा रीबूट होता, त्यात सुपरमॅन झाला हेन्री कॅव्हिल, पण अ‍ॅव्हेंजर्सचे आकडे बघून त्याच्या पुढच्याच पिक्चरमधे, म्हणजे बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅनमधे, बॅटमॅन, वंडर वुमन सगळे एकदम कोंबले. त्याची आणि मार्व्हलच्या कॅप्टन अमेरिकाच्या तिसऱ्या भागाची, सिव्हिल वॉरची, तारीख एकच होती, ६ मे २०१६. कोण मागे हटतं हे सगळे बघत होते. डीसी हटली आणि २५ मार्चला आली. दोन्ही पिक्चरमधे हिरो विरुद्ध हिरो, त्यामुळे तुलना अटळ होती, सिव्हिल वॉरने साधारण ११५ कोटी डॉलर केले आणि बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन ८७ कोटींच्या आसपास थांबला. आता ८७ कोटी हे काय कमी नाहीत, पण तुलनेपायी तो पिक्चर पडल्यात जमा झाला. मला त्यातला बेन अ‍ॅफ्लेकचा थकलेला बॅटमॅन आजही आवडतो. पण मार्व्हलने त्या भांडणापर्यंत यायला आठ वर्षं आणि डझनभर पिक्चर घेतले होते, तिथे डीसी दुसऱ्याच पिक्चरला पोचली, म्हणजे साखरपुड्याआधीच थेट भाऊबंदकी.

मग २०१७ चा जस्टिस लीग. घरातल्या दुःखामुळे स्नायडर मधेच बाजूला झाला, जॉस व्हेडनने बरंच परत शूट केलं, आणि एका पिक्चरला दोन डोकी लागली. डोनर-लेस्टर प्रकरण आठवा. लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि २०२१ ला स्नायडरचा चार तासांचा पिक्चर आला, जसा डोनरचा दुसरा भागही २००६ ला त्याच्या पद्धतीने जोडून आला होता.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरमधे कॅव्हिलने स्वतः जाहीर केलं की मी परत आलोय. त्याच सुमारास जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्या हातात डीसीचा कारभार गेला, आणि डिसेंबरमधे कॅव्हिलला बाहेर व्हावं लागलं. नवा कारभारी, नवा आराखडा, नवा तरुण सुपरमॅन. सोसायटीचं रीडेव्हलपमेंट होतं तसंच हे, जुनी बिल्डिंग पडायला आली नव्हती तरी पाडली. आणि हा गन कोण, तर ज्याला डिस्नेने २०१८ ला जुन्या ट्विट्सवरून काढलं, लगेच वॉर्नरने घेतलं, डिस्नेने पुढच्या वर्षी परत बोलावलं, आणि जो मार्व्हलसाठी गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सीचा तिसरा भाग पुरा करून मग डीसीचा सुपरमॅन करायला बसला. त्यामुळे कट्टर मार्व्हल आणि कट्टर डीसी हे भांडण मला आता पटतच नाही. माणसं तीच आहेत, इकडून तिकडे जातात.

फॅन्टास्टिक फोरचं अजून सरळ आहे. हे हक्क शेतीसारखे असतात, ठराविक वर्षांत कसले नाहीत तर हातचे जातात. कॉन्स्टान्टिनने हक्क टिकवायला १९९४ चा एक स्वस्तातला पिक्चर बनवला आणि तो कधी रिलीजच झाला नाही. मग २००५, २००७, आणि २०१५ ला परत पहिल्यापासून, आणि तो जोरात आपटला. डिस्नेने २०१९ ला फॉक्स विकत घेतलं तेव्हा ही चौकडी आणि एक्स-मेन घरी आले. म्हणून २०२५. त्या जुलैतल्या सुपरमॅनने एकूण साधारण ६१ कोटी डॉलर केले आणि फॅन्टास्टिक फोरने ५२ कोटींच्या आसपास, पण मला आकड्यांपेक्षा एक साम्य महत्त्वाचं वाटलं, दोघांनीही शक्ती कशी मिळाली ती कहाणी सविस्तर सांगायचं टाळलं. पिक्चर सुरू होतो तेव्हा हे लोक काही वर्षं हिरो असतातच.

हा धडा शिकवला स्पायडरमॅनने, आणि त्याची फरपट सगळ्यात जास्त झाली. १९८५ ला कॅननने, त्याच सुपरमॅन बुडवणाऱ्या कॅननने, त्याचे हक्क सव्वादोन लाख डॉलरला घेतले. मग ते हातोहात फिरले, ते घेणारी कॅरोल्को कंपनी बुडाली, मार्व्हल बुडाली, आणि इतक्या जणांनी दावे लावले की १९९९ पर्यंत पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, कोर्टातच अडकला. शेवटी एमजीएम स्टुडिओने स्पायडरमॅनवरचा दावा सोडला आणि सोनीने जेम्स बाँडवरचा. सोनीला मार्व्हलची जवळपास सगळी पात्रं अडीच कोटी डॉलरला मिळत होती असं नंतर बाहेर आलं, त्यांनी एकटा स्पायडरमॅन घेतला. २००२ ला सॅम रेमीचा पिक्चर आला आणि पहिल्याच वीकेंडला १० कोटी डॉलरच्या पुढे गेलेला तो पहिला पिक्चर ठरला. २००७ चा तिसरा भाग आपल्याकडे भोजपुरीतसुद्धा आला होता.

चौथा भाग ठरला होता. २०१० च्या जानेवारीत तो रद्द झाला, पण हक्क टिकवायचे तर पिक्चर काढायलाच हवा, म्हणून २०१२ ला अँड्र्यू गारफील्ड. पीटरचे बेन काका परत गेले, शक्ती देणारा तो कोळी परत चावला, आणि प्रेक्षक म्हणाले हे तर आत्ताच बघितलं की. दहाच वर्षं झाली होती. गारफील्डवर हा अन्याय झाला असं मी तेव्हाही म्हणायचो, त्याचं काम उत्तम होतं, एमा स्टोनबरोबरचे सीन तर आजही बघा. २०१४ च्या दुसऱ्या भागात ग्वेन, म्हणजे एमा स्टोनने केलेली त्याची प्रेयसी, उंचावरून पडते आणि त्याचं जाळं पोचायला उशीर होतो. तिसरा भाग आलाच नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत सोनी आणि मार्व्हलने हातमिळवणी केली, टॉम हॉलंड आला, आणि यावेळी काका, कोळी सगळं गाळलं.

त्यानंतर २०२३ ला अ‍ॅनिमेशनमधला अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. मुंबई आणि मॅनहॅटन मिसळलेलं मुंबॅटन आणि तिथला पवित्र प्रभाकर, आणि तो मराठीत बोलतोय, हे ऐकताना इंद्रजालची पानं आठवली.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो १६ डिसेंबर २०२१. नो वे होम आपल्याकडे अमेरिकेच्या एक दिवस आधी लागला. तिन्ही स्पायडरमॅन, म्हणजे रेमीच्या पिक्चरमधला, गारफील्ड आणि हॉलंड, एका पिक्चरमधे, जे कागदावर कित्येक वर्षं अशक्य होतं. शेवटाकडे हॉलंडच्या स्पायडरमॅनची प्रेयसी एमजे उंचावरून पडते, हॉलंडचा हात पोचत नाही, आणि गारफील्ड झेप घेऊन तिला धरतो. खाली उतरवून तिलाच विचारतो, तू ठीक आहेस ना, आणि स्वतःचेच डोळे भरलेले. आमच्या शोला तोवर शिट्ट्या चालू होत्या, त्या क्षणी थिएटर गप्प झालं आणि मग टाळ्या पडल्या, भाचा माझा हात धरून बसला होता.