बारचाचणी (ठासणीची रायफल)

ठासणीच्या बंदुकीत दारू, कापडाची चकती आणि गोळी यांचा कोणता मेळ सर्वांत एकसारखा मारा करतो, हे चांदमारीवर प्रत्यक्ष झाडून ठरवण्याची पद्धत. काडतुसाच्या बंदुकीला ही उठाठेव लागत नाही. कारखान्याने ती आधीच केलेली असते. ठासणीच्या बंदुकीत मात्र नेमबाज प्रत्येक बार नळीच्या तोंडातून स्वतः भरतो. आधी मापून दारू, मग तेलकट चकतीत बसवलेली शिशाची गोळी, मग गजाने ठासणे आणि शेवटी निपलवर (ठिणगी नळीत नेणाऱ्या पोकळ बोंडावर) ठोक्याने पेटणारी टोपी. चकमकीची बंदूक असेल, तर टोपीऐवजी कानाशेजारच्या (नळीच्या बुडाजवळच्या भोकाशेजारच्या) पेल्यात रंजक, म्हणजे पेटवायची दारू. यातल्या कुठल्याही पायरीला हात कमीजास्त झाला की लक्ष्यावर तो दिसतो. चाचणीत शोधायचा तो एकसारखेपणा. जोर त्यामानाने दुय्यम. नवख्याला हे सहसा पटत नाही आणि तो दारू वाढवत सुटतो.

बेळगाव परिसराने ठासणीच्या बंदुकांचा काळ जवळून पाहिला आहे. 23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बंदुका ठासणीच्याच होत्या. पुढे 1831 मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला कित्तूरसाठी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले गेले, तोवरही त्यात फरक पडला नव्हता. त्या काळच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाला स्वतःचा बार ठरवावा लागत नसे. दारू आणि गोळी कागदी पुडीत मापून येई आणि साध्या, आटे (आतल्या वळणदार खाचा) नसलेल्या नळीत ती गोळी जरा सैलच बसे. भरणे झटपट व्हावे म्हणून नेमाशी केलेली ही तडजोड होती. 1853 च्या एनफील्ड रायफलीने आटे पाडलेली नळी आणि पोकळ बुडाची गोळी आणली. नळीचा व्यास 0.577 इंच आणि दारू सुमारे 70 ग्रेन (साडेचार ग्रॅम), असा एकच बार सगळ्या फौजेला दिला गेला. पलटणीच्या माऱ्याला तो पुरेसा होता. एकेका रायफलीचे म्हणणे विचारण्याची सोय मात्र त्यात नव्हती आणि बारचाचणी म्हणजे नेमके तेच विचारणे.

1857 च्या शस्त्रबंदीच्या कायद्याने या भागातली हत्यारे गोळा होऊ लागली. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी ती द्यायला नकार देऊन त्याच वर्षी उठाव केला. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात ठासणीच्या बंदुकीला वेगळी जागा आहे. कलम 13 नुसार खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. खानापूर, जोयडा, हल्याळ या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यांत रानडुक्कर, गवे आणि दांडेलीकडून येणारे हत्ती भात-ऊस तुडवतात, हे ध्यानात घेतले की या तरतुदीचा अर्थ कळतो. पण परवाना पिकासाठी आहे, शिकारीसाठी नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद आहे. 2011 मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय बंदूक घेऊन पाऊलही टाकता येत नाही. म्हणून ‘रानात जाऊन दोन बार काढून बघू’ हा मार्ग बंद. बेळगावातल्या लष्करी चांदमाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमुळे सर्वांना ठाऊक आहेत, पण त्या फौजेच्या. खासगी माणसाने परवाना असलेल्या रेंजवरच चाचणी करायची.

चाचणीची रीत सांगायला सोपी, पाळायला कंटाळवाणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. 0.50 इंच व्यासाच्या रायफलीला गोल गोळी बहुधा 0.490 इंचांची लागते आणि ती शुद्ध शिशाची असेल तर सुमारे 177 ग्रेन भरते. उरलेली जागा चकती भरून काढते. जितका व्यास शंभरांशांत तितके ग्रेन दारू, म्हणजे इथे 50 ग्रेन (सव्वातीन ग्रॅमच्या आसपास), हा सुरुवातीचा जुना ठोकताळा आहे. तिथून पाच-पाच ग्रेनने वर जायचे आणि बंदूक बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही. प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या 50 यार्डांवर झाडायच्या. तीन गोळ्यांचा झुपका (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) देखणा दिसतो, पण तो योगायोगही असू शकतो. पुढचा दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकवायचा, नळी नव्हे. झुपका मधल्या काळ्या ठिपक्यावर पडला नाही तरी चालते. तो घट्ट आहे का एवढेच पाहायचे. नेम धरायची माशी आणि मागची खाच नीट करण्याचे काम बार ठरल्यावरचे. दारूचे माप वाढत गेले की झुपका आधी आवळतो आणि एका टप्प्यानंतर पुन्हा फुटतो. त्या टप्प्यापुढची दारू वेगात फारशी भर घालत नाही, धूर आणि धक्का मात्र वाढवते.

काळी दारू तोलण्याऐवजी मापाने, म्हणजे आकारमानाने मोजायचा प्रघात आहे. दाण्यांचे ‘एफजी’, ‘एफएफजी’, ‘एफएफएफजी’ असे प्रकार आहेत. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक आणि जळणे जलद. मोठ्या व्यासाच्या नळीला सहसा एफएफजी, लहान व्यासाला एफएफएफजी. दाणा बदलला की चाचणी पहिल्यापासून. बिनधुराची आधुनिक दारू या बंदुकीत चिमूटभरही चालत नाही. तिच्या दाबाने नळी फुटते.

कागदावरच्या भोकांइतक्याच बोलक्या असतात नळीपुढे पडलेल्या चकत्या. अनुभवी नेमबाज पाच बार झाले की रेंज अधिकाऱ्याची परवानगी घेऊन दहा-पंधरा पावले पुढे जातो आणि त्या वेचून आणतो. चांगली चकती गोल राहते, कडा थोड्या विसकटलेल्या असतात, मध्ये गोळीच्या बुडाचा काळपट शिक्का असतो आणि कापड धड असते. मध्यभागी जळून भोक पडले असेल तर कापड पातळ आहे, तेल कमी पडले आहे किंवा दारू जास्त झाली आहे. गोळीच्या कडेच्या वर्तुळावर सरळ चिरा दिसल्या तर दोष बहुधा दारूत नाही. नव्या नळीच्या आट्यांची धार किंवा तोंडाची कड कापड कापते आहे. एका बाजूलाच काळवंडलेली चकती सांगते की गोळी मध्यावर बसली नव्हती आणि वायू तिकडून निसटला. चिंध्यांचे तुकडेच सापडले तर आधी कापड बदलायचे, दारूला हात लावायचा नाही. कापड घट्ट विणीचे सुतीच हवे. कृत्रिम धागा नळीत वितळतो. गादीपाट किंवा जाड मांजरपाट चालतो, पण धुऊन खळ काढलेला. जाडी दीड-दोन सहस्रांश इंचाने बदलली तरी झुपका बदलतो. शहापूर-वडगावच्या विणकराला जशी वीण बोटाला कळते, तसे ज्याला कापड कळते त्याची निम्मी चाचणी घरीच होते.

गोळीच्या प्रकाराचा निर्णय नळीचे आटे करतात. 60 ते 70 इंचांत एक वळसा घेणारे मंद आटे चकतीतल्या गोल गोळीला मानवतात. 28 इंचांत एक वळसा घेणाऱ्यांना लांबट गोळी हवी. 48 इंचांचे मधले आटे दोन्ही चालवून घेतात. हे न पाहता महिनोन्‌महिने दारूची मापे बदलत बसणारे लोक असतात.

हवामानाचा मुद्दा सीमाभागात अंमळ जास्तच येतो. काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो. धुरात न गेलेला गाळ नळीत चिकटतो आणि हवेतला ओलावा शोषतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या दमट हवेत तो चिखलासारखा मऊ राहतो आणि पुढची गोळी सहज उतरते. अथणीकडच्या कोरड्या उन्हात त्याच गाळाचा कडक पापुद्रा होतो आणि चौथ्या-पाचव्या बाराला गज अर्ध्यावर अडतो. तीच रायफल, तोच बार, तरी झुपका वेगळा. उपाय दोन: कोरड्या हवेत तेल-मेणाचे प्रमाण वाढवणे आणि प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी एकदा आत-बाहेर फिरवणे. फिरवायची तर दर वेळी, नाहीतर मुळीच नाही. तेल लावून ठेवलेल्या स्वच्छ नळीतला पहिला बार बाजूला पडतो. तो हिशोबात धरत नाहीत.

गजावर दोन खुणा करून ठेवतात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या बाराची. गोळी दारूवर टेकली नाही आणि मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगू किंवा फुटू शकते. भरलेल्या बाराची खूण हा धोका आधी दाखवते. विसरून दोनदा भरलेला बारही तिथेच कळतो. दारूच न घालता गोळी ठासली जाणे हा तर नेहमीचा प्रकार. गप्पा मारत भरणाऱ्याकडून हमखास होतो. टोपी फुटली आणि बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान मिनिटभर थांबायचे. बार उशिरा पेटू शकतो. दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. आत ठिणगी राहिलेली असली तर डबाच पेटतो. आधी मापात, मग नळीत.

पीकरक्षणाच्या साध्या नळीच्या बंदुकीत बहुधा छर्रे भरतात. तिची चाचणी वेगळी असते. सुमारे 25 यार्डांवर जुन्या वर्तमानपत्राचे ताव जोडून लावतात आणि छर्रे किती सारखे पसरले ते बघतात. दारू आणि छर्रे सारख्याच मापाने घेण्यापासून सुरुवात करतात. दारू जास्त झाली की छर्रे फाकतात आणि पसाऱ्याच्या मधोमध रिकामी जागा पडते.

वेग मोजायचा क्रोनोग्राफ वापरायचा तर तो नळीपासून निदान 15 फुटांवर ठेवावा लागतो, नाहीतर धूर आणि उडालेली चकती त्याला फसवतात. त्याच्या आकड्यांतली सरासरी दुय्यम, गोळीगणिक पडणारा फरक महत्त्वाचा. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अर्ध्या तासात 13 गोळ्या झाडून उत्तम 10 धरतात आणि तिथेही काळी दारूच चालते. चाचणी आटोपली की नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावायचे. गाळातले क्षार पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतात आणि गंजलेल्या नळीला ठरवलेला बार उपयोगी पडत नाही.